जुन्या गोठ्यात शिवणयंत्रांची कार्यशाळा: भिंतींची ओल, उजेड आणि यंत्रांची मांडणी

माजघर

नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात आमच्या घराच्या मागे सासऱ्यांनी बांधलेला चिरेबंदी गोठा आहे. गुरे गेल्याला बरीच वर्षे झाली. आता तिथे फाटी, नारळाची सोडणे आणि एक मोडका नांगर एवढेच आहे. वासे किंजळीचे असून दोन सोडले तर सगळे ठणठणीत आहेत, कौले मंगलोरी आहेत, आतले माप 20 फूट बाय 11 फूट भरते आणि दक्षिणेच्या अंगाला छोटी पडवी आहे. लांब बाजू पूर्व-पश्चिम आहे. या जागेत शिवणकामाची कार्यशाळा उभी करण्याचे आम्ही ठरवले आहे. बचत गटातल्या आम्ही चौघी ब्लाउज, पिको-फॉल आणि जवळच्या शाळांचे गणवेश शिवू, आणि माझे दीर एका कोपऱ्यात जुनी यंत्रे दुरुस्त करतील, कारण इथे कोणाचे यंत्र अडले की ते थेट रत्नागिरीला न्यावे लागते. सध्या पायाने चालणारी दोन काळी यंत्रे, एक जुने पॉवर मशीन (ज्याला सगळे जुकीच म्हणतात, मग ते कोणत्याही कंपनीचे असो) आणि एक ओव्हरलॉक एवढा सरंजाम आहे.

अडचण भिंतींची आहे. जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत त्या कायम ओलसर दिसतात, गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि खाली बुरशीसारखी पांढरी पूड येते. कौले चाळून झाली, गळती कुठेही नाही, तरी ओल हटत नाही. आमचे गवंडी म्हणतात की वॉटरप्रूफ सिमेंटचा जाड गिलावा करून त्यावर चार फुटांपर्यंत टाइल लावल्या की काम झाले. तसे करावे का? शिवाय जमीन, उजेड आणि वीज यांविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

चिरेखाण

माजघरताई, टाइलची ऑर्डर दिली नसेल तर थांबा. ती पांढरी पूड बुरशी नव्हे, क्षार आहेत, आणि ते वरून नव्हे तर गुरांकडून आलेले आहेत.

गोठ्याच्या जमिनीत वर्षानुवर्षे गोमूत्र मुरते. त्यातल्या युरियाचा आधी अमोनिया होतो आणि मग मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट पाण्यात सहज विरघळतात, जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे पाण्यासोबत भिंतीत वर चढतात, आणि जिथे पाणी सुकते तिथे मागे राहतात. तुमची ओल तीन फुटांवर थांबते, ती जेवढे पाणी वर चढते तेवढे तिथपर्यंत हवेत सुकून जाते म्हणून. पूर्वी बिहारमध्ये नोनिया समाज गोठ्यांतली आणि जुन्या वस्त्यांमधली हीच माती धुऊन त्यातून सोरा (नायट्रेटचाच क्षार) काढत असे, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत डच व इंग्रज कंपन्या पाटण्याहून तो बंदुकीच्या दारूसाठी जहाजे भरून युरोपात नेत. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या गोठ्यात तोफखान्याचा कच्चा माल पडून आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता गळती नसताना ओल का, हा प्रश्न. यातले काही क्षार हवेतली वाफ स्वतःकडे ओढतात. कॅल्शियम नायट्रेट तर हवेची आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याहून कितीतरी जास्त असते. त्यामुळे छप्पर कितीही चांगले केले तरी ती भिंत पावसाळाभर घामेजलेलीच राहणार.

खात्री करायची असेल तर सोपी चाचणी आहे. हातभर लांबरुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि काही दिवसांनी पाहा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसले तर पाणी भिंतीतून येत आहे. आतली बाजू कोरडी आणि बाहेरची दमट असेल तर तो हवेतला ओलावा. गोठ्यांमध्ये बहुधा दोन्ही सापडते.

उपाय जमिनीपासून सुरू करावा लागतो. आतली माती किमान दीड फूट खणून बाहेर काढा. वास येत असेल तर आणखी खोल जा. ही माती टाकून देऊ नका, आगरात माडांना ती उत्तम आहे, मात्र एकाच झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. खाली दगडांचे सोलिंग, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर काँक्रीट आणि मग कोबा. बाहेरच्या बाजूने भिंतीला लागून चर काढून त्यात खडी भरा आणि अंगणाची पातळी आतल्या जमिनीपेक्षा खाली आणा. बहुतेक जुन्या गोठ्यांत दरवर्षीच्या मातीने आणि शेणाने बाहेरची पातळी जोत्याच्याही वर गेलेली असते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

भिंतींचा जुना गिलावा चिऱ्यापर्यंत काढा, सांधे बोटभर खरवडा, कोरड्या ब्रशने झाडा आणि ती पूड गोळा करून बाहेर न्या. पाण्याने धुतलीत तर क्षार पुन्हा आत जातील. मग भिंतीवर कागदाचा लगदा, बारीक माती आणि वाळू यांचा ओला लेप द्या. तो सुकताना क्षार स्वतःकडे खेचतो, सुकल्यावर खरवडून फेकायचा. पूड येणे कमी होईपर्यंत हे पुन्हा करायचे. शेवटी भिजवलेल्या चुन्याचा आणि वाळूचा गिलावा आणि वर चुन्याचाच रंग. चुन्यातून वाफ बाहेर जाऊ शकते. गिलावा काही वर्षांनी खालून पुन्हा खराब होईल, तेव्हा तेवढाच भाग बदलायचा. चिरा मात्र शाबूत राहील. सिमेंट आणि टाइल लावल्यास पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, ते भिंतीतून आणखी वर चढते, आणि आज तीन फुटांवर असलेली ओल पाच फुटांवर दिसू लागते. टाइल चकचकीत राहतात आणि त्यांच्या मागे चिरा भुसभुशीत होत जातो.

लोखंडी_फाटक

वर लिहिलेले सगळे शास्त्र मान्य आहे, पण व्यवहाराचेही कोणीतरी बोलावे. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आज मिळत नाही, मिळाला तर वेळ आणि पैसा दोन्ही घेतो. त्यापेक्षा गोठा पाडून, त्याच जोत्यावर लोखंडी खांब आणि रंगीत पत्र्याची शेड उभी करावी. महिन्याभरात काम सुरू होईल, वाळवीची भीती नाही आणि बँकेलाही अशी शेड लवकर समजते.

चिरेखाण

बँकेला समजते हे खरे आहे. पण मे महिन्यात दुपारी तीन वाजता पत्र्याखाली बसून चौघींनी गणवेश शिवायचे आहेत आणि जुलैत त्याच पत्र्यावरच्या पावसात एकमेकींशी बोलायचे आहे, हेही लक्षात घ्यावे. शिवाय त्याच जोत्यावर शेड उभी केली तरी खालची माती तीच राहते. क्षार कोब्यातून वर येतील आणि खांबांचे बूड गंजेल. खणणे दोन्ही मार्गांत चुकत नाही. एवढा खर्च केल्यावर सुस्थितीतल्या भिंती आणि किंजळीचे वासे पाडण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

माजघर

दोघांचेही आभार. प्लॅस्टिक लावून पाहिले. दोन्ही बाजूंना ओल दिसली, आतल्या बाजूला थोडी अधिक. बाहेरच्या अंगाला कुदळ मारून बघितली तर जोत्याचा सगळ्यात वरचा थर वीतभर खाली सापडला. एवढी माती चढली आहे. पाडण्याचा विचार सोडला आहे. चुन्याचे काम केलेले एक वयस्कर गवंडी देवरुखकडे आहेत असे कळले आहे, त्यांना विचारते. दिवाळीनंतर खणायला घेतले तर पावसाआधी सगळे सुकेल का?

चिरेखाण

खणणे, लेप आणि काँक्रीट फेब्रुवारीपर्यंत उरकले तर सुकेल. चुन्याला घाई चालत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, आणि सुरुवातीचे काही दिवस त्याला ओलसर ठेवून उन्हाच्या झळांपासून जपावे लागते. पहिल्या पावसाळ्यात कापडाचे तागे भिंतीला टेकवू नका. लाकडी फळ्यांच्या घोडीवर, भिंतीपासून किमान वीतभर अंतर सोडून ठेवा. पूड पुन्हा येते का, हे त्या पावसाळ्यातच कळेल.

युनिफॉर्मवाला

मी सोलापूरचा. आमच्या शहरात गणवेशांचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे जागेच्या मांडणीविषयी दोन गोष्टी लिहितो.

पॉवर मशीनचे टेबल साधारण चार फूट लांब आणि वीस इंच रुंद असते. बसणारीची जागा धरून एका यंत्रामागे सव्वाचार फूट खोली सोडावी. तुमच्या 20 फुटांत चार यंत्रे एकामागे एक आरामात बसतात आणि दाराकडे थोडी जागा उरते. टेबले उत्तरेच्या भिंतीला काटकोनात लावा आणि शिवणारीचे तोंड पूर्वेला ठेवा. यंत्राची सुई डाव्या बाजूला असते, उत्तरेच्या खिडकीतला उजेडही डावीकडूनच येईल आणि उजव्या हाताची सावली शिवणीवर पडणार नाही. खिडकीकडे तोंड करून बसवले तर डोळे दिपतात, पाठ करून बसवले तर स्वतःचीच सावली पडते. म्हणून उत्तरेच्या भिंतीत प्रत्येक टेबलाजवळ एक, अशा चार लहान खिडक्या मी एका मोठ्या खिडकीपेक्षा पसंत करीन; चिरेबंदी भिंतीलाही ते सोयीचे. दक्षिणेच्या भिंतीला लागून तीन फूट रुंद कटिंग टेबल ठेवा आणि त्याची उंची 36 इंचांच्या आसपास धरा. जमिनीवर बसून कापड बेतण्याची सवय असली तरी गणवेशाचे थर एकावर एक रचून कापायचे असतील तर टेबलाला पर्याय नाही.

काचेची कौले जरूर घाला, पण उत्तरेच्या उतारावर. दक्षिणेच्या उतारावर घातली तर हिवाळ्यात उन्हाचे चौकोन नेमके टेबलावर पडतील आणि रंगीत कापडाचा रंग उडेल. एक बारीक गोष्ट अशी की तुमच्या अक्षांशावर साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत उत्तरेच्या कौलांतूनही ऊन येईल. जूननंतर ढगांमुळे प्रश्न मिटतो. मेच्या उरलेल्या दिवसांपुरता पातळ पांढरा पडदा बांधावा.

कौलांच्या खाली काहीतरी छत हवेच. फळ्या, बांबूची चटई किंवा सिमेंट बोर्ड, जे परवडेल ते. कौलांच्या फटींतून धूळ आणि उंदरांच्या लेंड्या पांढऱ्या शर्टांवर पडू लागल्या की शाळेकडून पुढची ऑर्डर येत नाही. काचेच्या कौलांखाली मात्र छतात तेवढी मोकळी जागा ठेवावी लागेल. दिव्यांबाबत सांगायचे तर शिवणकामासाठी युरोपीय मानकात 750 लक्स उजेड सांगितला आहे. पावसाळी दुपारी खिडक्या तेवढा देणार नाहीत, म्हणून प्रत्येक सुईजवळ एक छोटा एलईडी दिवा लावा. काळ्या कापडावर काळा दोरा शिवताना त्याची किंमत कळते.

खटका

विजेचे मी थोडक्यात लिहितो. जुन्या पॉवर मशीनला क्लच मोटर असेल, बहुधा अर्ध्या अश्वशक्तीची. ती चालू केली की शिवत असा वा नसा, सतत फिरत राहते, तापते आणि घुमते. ती काढून सर्वो मोटर बसवा. पायडल दाबले तेवढ्यापुरतीच ती फिरते, वीज कितीतरी कमी लागते, आणि वेग कमी करता येत असल्याने नवशिक्या मुलींनाही भीती वाटत नाही. तुमच्या कार्यशाळेत खरा भार यंत्रांचा नसून इस्त्रीचा असेल. इस्त्रीसाठी बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि 16 अँपिअरचे सॉकेट घ्या.

जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग सुकते आणि निकामी होते. खड्डा खोल घ्या, कोळसा आणि मीठ भरा आणि मार्चनंतर त्यात पाणी घालत जा. मुख्य बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) बसवल्याशिवाय एकही यंत्र लावू नका. लोखंडी यंत्रावर ओल्या हवेत दिवसभर हात ठेवून काम करायचे आहे. मेच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा होतात तेव्हा सर्वोचे प्लग काढून ठेवावेत, तिचा कंट्रोल बॉक्स पहिल्याच झटक्यात जातो. मीटरविषयी महावितरणच्या चालू दरआदेशात पाहा. घरगुती मीटरवर छोटा व्यवसाय ठरावीक युनिटपर्यंत चालवता येतो, त्यापुढे वेगळे कनेक्शन घ्यावे लागते.

तेलपाणी

शिवणयंत्रे दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे माझे लिहिणे तुमच्या दिरांसाठी अधिक आहे.

पहिली विनंती अशी की दुरुस्तीचा कोपरा आत ठेवू नका. पडवीला दोन भिंती घालून तो तिथे न्या. जुने यंत्र उघडले की काळे तेल, रॉकेल, गंजाची धूळ आणि तुटलेल्या सुयांचे तुकडे निघतात, आणि हे सारे पांढऱ्या कापडापासून एका भिंतीने तरी दूर असले पाहिजे. पडवीत उंच आणि जड लाकडी मेज घ्या. त्यात यंत्राचे बूड बसेल एवढी चौकोनी खाच कापा, म्हणजे यंत्र मागे कलते करून खालून काम करता येते. मेजाच्या कडेला लोहचुंबकाची पट्टी ठोका. जमीन गुळगुळीत आणि फिक्या रंगाची करा. शहाबादीच्या सांध्यात पडलेला टेन्शनचा स्क्रू पुन्हा मिळत नाही.

गावागावातून येणारी बहुतेक काळी यंत्रे मोडलेली नसतात, अडकलेली असतात. कारण एकच: घरातले तेल. खोबरेल किंवा गोडे तेल घातले की ते काही महिन्यांत घट्ट होते आणि सांध्यांत पिवळा चिकटा बसतो. अशा यंत्राचे चाक जोर लावून फिरवू नये. वरची सगळी तेलाची भोके, सुईचा दांडा, खालचे शटल आणि दात्यांखालचे सांधे यांवर रॉकेलचे थेंब सोडावेत आणि यंत्र रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी चाक हाताने थोडे पुढे, थोडे मागे असे हलवून पाहावे. एकदा ते सुटले की रॉकेल पूर्ण पुसून मशीनचे पांढरे पातळ तेल द्यावे, कारण रॉकेल चिकटा काढते पण वंगण देत नाही. मग दोरा न ओवता चिंधीवर यंत्र चालवावे, म्हणजे उरलेले काळे तेल चिंधीवर येते. बॉबिन केसच्या पातळ पट्टीखाली दोऱ्याचा धुरळा साचलेला असतो. तो कागदाच्या कोपऱ्याने काढला की "टाका उसवतो" ही निम्मी तक्रार तिथेच मिटते.

पॉवर मशीनच्या आणि घरगुती यंत्राच्या सुया एकाच डबीत ठेवू नका. घरगुती सुईच्या बुडाला एक बाजू सपाट असते, पॉवर मशीनची सुई पूर्ण गोल असते. एकीच्या जागी दुसरी कशीबशी बसतेही, आणि मग टाका सुटतो किंवा सुई शटलवर आपटते. सुती ब्लाउजला 14 नंबर, गणवेशाच्या जाड पँटला 16, तलम रेशमाला 11. पॉवर मशीनच्या तळाशी तेलाचे तबक असते. त्यातली पातळी रोज काम सुरू करण्याआधी बघायची आणि तेल काळे पडले की पूर्ण बदलायचे.

पावसाळ्याचे वेगळे पथ्य आहे. पायंडलच्या यंत्राचा चामडी पट्टा दमट हवेत सैल पडतो आणि चाकावर घसरतो. तो लगेच कापून छोटा करू नये, कारण दिवाळीनंतर तोच पट्टा आखडतो आणि यंत्र जड चालते. रात्री सुईखालच्या पट्टीवर तेलाचा हात फिरवून चिंधीचा तुकडा दाबून ठेवावा, नाही तर सकाळी पहिल्याच पांढऱ्या कापडावर गंजाची रेघ उमटते. सर्वो असो वा पायंडल, यंत्राचे चारही पाय समपातळीत हवेत. कोबा ओतताना पाणपातळी धरायला सांगा. नंतर पायांखाली पुठ्ठे घालत बसण्यात अर्थ नाही.

आगरातला

कागदपत्रांचेही पाहावे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर ही इमारत गोठा म्हणून लागली असेल, तर वापर बदलल्याची नोंद करून घ्या. घरपट्टी थोडी वाढेल, पण कर्जाच्या वेळी तो उतारा मागतातच. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंतचे कर्ज 5 टक्के व्याजाने मिळते. मात्र एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, त्यामुळे तुम्ही चौघी वेगवेगळ्या घरच्या असाल तर प्रत्येकीने स्वतंत्र अर्ज करावा.

माजघर

सगळ्यांचे मनापासून आभार. दुरुस्ती पडवीत, टेबले उत्तरेच्या भिंतीला, सर्वो मोटर आणि चुना, एवढे ठरले. देवरुखचे गवंडी येऊन पाहून गेले आणि लेपाचे काम करायला तयार झाले आहेत. आता एकच शंका उरली. गोठ्यात दक्षिणेच्या भिंतीला लागून अखंड दगडी गव्हाण आहे, चांगली आठ फूट लांब. घरातल्या सगळ्यांचे म्हणणे आहे की ती काढू नये, तिच्यावर फळी टाकून तेच कटिंग टेबल करावे. असे चालेल का?

चिरेखाण

गव्हाणीत मूत्र साचत नाही, पण तिचे बूड तुम्ही खणणार त्याच मातीत आहे आणि मागची भिंतही तीच आहे. ती जागेवर ठेवली तर तिच्याखालची माती आणि तिच्यामागचा गिलावा, दोन्ही तसेच राहतील. आधी ती पहारी लावून बाहेर काढा, खणणे आणि भिंत पूर्ण करा, आणि मगच हवी असल्यास कोब्यावर परत ठेवा.

युनिफॉर्मवाला

परत ठेवलीत तरी टेबल म्हणून नको. गव्हाण गुडघ्याच्या थोडी वर असते आणि 36 इंचांपर्यंत यायला तिच्यावर फूटभर तरी उंच चौकट लागेल. शिवाय पुढे उभे राहताना पाय आत घ्यायला जागा नाही, त्यामुळे दिवसभर वाकून कापल्याने कंबर धरेल. टेबल लाकडी आणि खालून मोकळे करा, म्हणजे तागे ठेवायची घोडी त्याखाली येईल. गव्हाण पडवीत न्या. दुरुस्तीसाठी आलेली यंत्रे जमिनीवर न ठेवता तिच्यात ओळीने ठेवता येतील, आणि कोणाचे कोणते हे चिठ्ठी लावून कळेल.

तेलपाणी

फक्त तळाला भोक असेल तर ते बुजवू नका, रॉकेल धुतल्यावर निथळायला उपयोगी पडेल. खाली पत्र्याचा डबा ठेवा.